संगणकावरील उत्पादकांचे स्टिकर : जपावेत की काढावेत? (मिरजेच्या वाद्यनिर्मितीच्या संदर्भात एक विवेचन)

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नवा संगणक दाखल झाला की त्याच्या दर्शनी भागावर, बाजूस व तळाशी अनेक लहानमोठे स्टिकर आढळतात. प्रोसेसर कोणत्या कंपनीचा, प्रणाली कोणती, वीजबचतीचे प्रमाणपत्र कोणते, अनुक्रमांक काय, अशी नानाविध माहिती त्यांवर असते. काहीजण हे स्टिकर पहिल्याच दिवशी सोलून काढतात, तर काहीजण कडा उचकटून त्यांवर धूळ साचेपर्यंत ते तसेच ठेवतात. दोन्ही कृती बहुधा सवयीने होतात, विचारपूर्वक होत नाहीत. वरवर पाहता हा केवळ टापटिपीचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात मात्र त्यात प्रणालीच्या परवान्याचा हक्क, हमी, संस्थेच्या मालमत्तेची नोंद आणि ई-कचऱ्याची विल्हेवाट हे चार महत्त्वाचे विषय गुंतलेले आहेत.

वस्तूवर तिच्या कर्त्याची खूण कशासाठी असावी, हा प्रश्न मिरजेला नवा नाही. सतार व तानपुरा यांच्या निर्मितीसाठी या शहराचे नाव देशभर घेतले जाते आणि त्याच नावाच्या संरक्षणासाठी येथील कारागिरांना कायद्याचा आधार घ्यावा लागला. त्यामुळे स्थानिक उदाहरणाच्या आधारे संगणकावरील स्टिकरचा विचार करणे उपयुक्त ठरते.

उद्दिष्टे :

१) संगणकावरील स्टिकरचे कार्यानुसार वर्गीकरण करणे.
२) मिरजेच्या वाद्यनिर्मितीतील ओळखचिन्हाच्या प्रश्नाशी त्याची तुलना करणे.
३) महाविद्यालयांसाठी व्यवहार्य कार्यपद्धती सुचविणे.

जाहिरातीचे स्टिकर :

दर्शनी भागावरील बहुतेक स्टिकर या गटात मोडतात. त्यांचा ठळक नमुना म्हणजे 'इंटेल इनसाइड' होय. प्रोसेसर हा संगणकाच्या पोटात असतो; ग्राहकाला तो दिसत नाही. त्यातच १९९१ मध्ये '३८६' या अंकावर व्यापारचिन्ह म्हणून मक्तेदारी सांगता येणार नाही, असा निर्णय अमेरिकेतील न्यायालयाने दिला. अंक राखता येत नसेल तर नाव राखावे, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले. त्याच वर्षी इंटेलने संगणक-उत्पादकांसाठी सहकारी जाहिरात योजना सुरू केली. जो उत्पादक आपल्या जाहिरातीत व संगणकावर हे चिन्ह वापरेल, त्याच्या जाहिरातखर्चाचा काही भाग इंटेल उचलू लागली. अर्थात, हा स्टिकर ग्राहकाच्या सोयीपेक्षा दोन कंपन्यांमधील आर्थिक कराराचा परिणाम आहे. ॲपलने २००६ पासून अनेक वर्षे इंटेलचे प्रोसेसर वापरले, परंतु आपल्या संगणकांवर हा स्टिकर लावला नाही. यावरून यंत्राच्या कार्यासाठी त्याची आवश्यकता नाही, हे उघड होते.

शिवाय अशा स्टिकरवरील माहिती कालांतराने खोटी ठरू शकते. जुळणी केलेल्या संगणकाचा मदरबोर्ड व प्रोसेसर बदलला तरी पेटीवरील स्टिकर जुनाच राहतो. असे स्टिकर बाजारात सुटेही मिळतात. म्हणून वापरलेला संगणक विकत घेताना दर्शनी स्टिकरवर विसंबून चालत नाही. यंत्र सुरू करून प्रणालीतील माहिती तपासावी लागते.

पुराव्याचे स्टिकर :

दुसरा गट स्वरूपाने साधा, बहुधा काळ्या-पांढऱ्या रंगाचा आणि तळाशी किंवा मागे लावलेला असतो. त्याचे महत्त्व मात्र अधिक आहे.

यातील पहिला प्रकार अस्सलतेच्या प्रमाणपत्राचा. विंडोज एक्सपी, व्हिस्टा व विंडोज ७ यांच्या काळात संगणकासोबत आलेल्या प्रणालीची २५ अक्षरांची किल्ली याच स्टिकरवर छापलेली असे. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून ही किल्ली सामान्यतः मदरबोर्डवरील स्मृतीतच साठवली जाते व स्टिकरवर ती नसते. तरीही स्टिकरचे मोल संपलेले नाही. शैक्षणिक संस्था विंडोजचा सामूहिक परवाना घेतात, तेव्हा तो उन्नतीचा परवाना असतो. त्याखाली प्रत्येक यंत्राचा मूळ परवाना असणे अपेक्षित असते. बिलासोबत हा स्टिकर त्या मूळ परवान्याचा पुरावा ठरतो. तो सोलून टाकणे म्हणजे पैसे देऊन घेतलेल्या हक्काचा दाखला फाडण्यासारखे आहे.

दुसरा प्रकार अनुक्रमांकाचा. हमीची मागणी, सुट्या भागांची निवड व चोरीची तक्रार या तिन्ही वेळी हा क्रमांक लागतो. तो संगणकाच्या आतही नोंदलेला असतो. परंतु यंत्र सुरूच होत नसेल, किंवा मदरबोर्ड बदलताना तो नव्याने नोंदविला गेला नसेल, तर स्टिकर हाच आधार उरतो. जुळणी केलेल्या संगणकात स्थानिक विक्रेता हार्ड डिस्क, स्मृतिपट्टी इत्यादींवर महिना व वर्ष दर्शविणारा लहानसा स्टिकर लावतो. तो निघाला तर त्या भागाची हमी सिद्ध करणे कठीण जाते.

तिसरा प्रकार नियामक चिन्हांचा. इलेक्ट्रॉनिक व माहिती तंत्रज्ञान वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीसंबंधीच्या २०१२ च्या आदेशाने लॅपटॉपसारख्या वस्तू भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीखाली आल्या. त्यामुळे त्यांवर मानकाचा व नोंदणीचा क्रमांक आढळतो. चाकांच्या कचरापेटीवर फुली असलेले चिन्ह ही वस्तू सामान्य कचऱ्यात टाकू नये, असे सांगते. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. निर्लेखित संगणक नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे सोपविताना उत्पादक व प्रतिमान यांची ओळख या स्टिकरवरूनच सुलभतेने पटते.

'हा शिक्का तुटल्यास हमी रद्द' असा इशारा देणारी मोहर हा वादाचा विषय आहे. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये अशा सरसकट अटींबाबत काही कंपन्यांना ताकीद दिली. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' हे संकेतस्थळ सुरू केले. तथापि, हमीचा कालावधी संपेपर्यंत अशी मोहर न तोडणे हेच व्यवहारतः श्रेयस्कर होय.

मिरजेचे उदाहरण :

मिरजेत तंतुवाद्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकात रुजली. शस्त्रांना धार व झिलई देणाऱ्या शिकलगार समाजातील कारागीर या व्यवसायाकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव या संदर्भात आदराने घेतले जाते. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय आणि पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गायकांचा सहवास या कलेस लाभला. मंगळवेढा परिसरातील भोपळा, कर्नाटकातील लाकूड आणि मिरजेतील हात यांच्या संयोगातून हे वाद्य घडते.

तानपुऱ्याचा दर्जा जाणकाराच्या कानाला कळतो. घोडीवर जवारी कशी लागली आहे, हे तार छेडताच ध्यानी येते. त्यासाठी कोणत्याही चिठ्ठीची गरज नाही. परंतु वाद्य कोठे घडले, हे सामान्य ग्राहकाला कानाने ओळखता येत नाही. याच उणिवेचा लाभ घेऊन अन्यत्र बनविलेली वाद्ये मिरजेची म्हणून विकली जात असल्याच्या तक्रारी कारागिरांकडे येत होत्या. परिणामी २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनासाठी अर्ज करण्यात आला आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला स्वतंत्र मानांकने प्राप्त झाली.

येथे एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ आणि वस्तूंचे भौगोलिक उपदर्शन अधिनियम, १९९९ हे दोन्ही कायदे १५ सप्टेंबर २००३ या एकाच दिवशी अमलात आले. पहिला एका व्यवसायाचे चिन्ह राखतो, तर दुसरा एका प्रदेशातील सर्व कारागिरांचे नाव राखतो. दोहोंमागील तत्त्व समान आहे : जी गोष्ट वस्तू स्वतः सांगू शकत नाही, ती विश्वसनीय रीतीने सांगण्यासाठी खूण लागते.

हीच कसोटी संगणकाला लावता येते. प्रोसेसर कोणता, हे यंत्र स्वतः पडद्यावर सांगते. त्या स्टिकरविना काही अडत नाही. परंतु परवाना कोणाचा, हमी कोणाची, बंद पडलेल्या यंत्राचा क्रमांक कोणता, हे यंत्र नेहमीच सांगू शकत नाही. म्हणून तेथील स्टिकर जपावा लागतो. स्टिकर आकर्षक आहे की नाही, हा प्रश्न त्यामुळे गौण ठरतो.

काढणे योग्य केव्हा :

स्वतःच्या मालकीच्या संगणकावरील जाहिरातीचा स्टिकर वापरासाठी काढण्यास कायद्याची आडकाठी दिसत नाही. फसवणुकीच्या हेतूने खरे चिन्ह खोडणे वा बदलून वस्तू विकणे हा मात्र गुन्हा आहे. लॅपटॉपवर मनगट टेकण्याच्या जागेवरील स्टिकर उष्णतेने व घामाने सरकतात, त्यांचा डिंक बाहेर येतो व त्यावर मळ बसतो. असे स्टिकर वेळीच काढलेले बरे. संगणक बंद करून हेअर ड्रायरची सौम्य ऊब दिल्यास डिंक मऊ होतो; मग कडेपासून हळूहळू, पृष्ठभागालगत ओढावे. उरलेला डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजविलेल्या मऊ कापडाने निघतो. नखांचा रंग काढण्याच्या द्रावणात ॲसिटोन असू शकते व ते प्लास्टिक विरघळविते, म्हणून ते टाळावे. पाते किंवा चाकू वापरू नये.

महाविद्यालयांसाठी सूचना :

१) संगणक दाखल होताच सर्व स्टिकरची स्पष्ट छायाचित्रे घ्यावीत. तळाशी असलेली छपाई घर्षणाने पुसट होते. दोन-तीन वर्षांनी ती वाचता येईलच असे नाही.
२) डेडस्टॉक नोंदवहीत संस्थेच्या क्रमांकासमोर उत्पादकाचा अनुक्रमांकही लिहावा. तेलरंगाने क्रमांक घालताना मूळ स्टिकर झाकला जाणार नाही, याची दक्षता घ्यावी.
३) किल्ली छापलेल्या जुन्या स्टिकरची नक्कल कोणालाही करता येते. तो काढू नये. नोंद करून अपारदर्शक, परंतु सहज निघणाऱ्या पट्टीने झाकावा.
४) हवेच्या झरोक्यांवर कोणताही स्टिकर, संस्थेचाही, लावू नये.
५) निर्लेखनाच्या वेळी हार्ड डिस्कमधील माहिती नष्ट करून अनुक्रमांकानुसार यादी तयार करावी व पुनर्चक्रणकर्त्याची पोच त्या यादीस जोडावी.

समारोप :

संगणकावरील सर्व स्टिकर जपावेत किंवा सर्व काढावेत, अशी सरसकट भूमिका घेता येत नाही. विक्रेत्यासाठी बोलणारा स्टिकर काढण्यास हरकत नाही. मालकाच्या हक्कासाठी साक्ष देणारा स्टिकर जपणे हे कर्तव्य आहे. सार्वजनिक निधीतून व विद्यार्थ्यांच्या शुल्कातून खरेदी केलेल्या यंत्रांबाबत हे कर्तव्य अधिकच मोठे ठरते. मात्र साक्षीलाही आधार लागतो. मिरजेच्या नावाला नोंदणीचा आधार मिळाला, तसा स्टिकरला बिलाचा आणि नोंदवहीतील अचूक नोंदीचा आधार हवा. तो नसेल तर उत्तम जपलेला स्टिकरही केवळ कागदाचा चिकट तुकडा ठरतो.