जिरायतीला दहावा, बागायतीला विसावा : पिकावरची जकात गावातच मुरावी

सुगीच्या दिवसांत दाण्याला तोटा नसतो. खरी ओढ लागते ती आखाडात. जवळचा पैसा बी-खतात गेलेला, मजुरीचे काम पावसाच्या भरवशावर, सावकाराची उचल डोक्यावर आणि घरातल्या कणगीने तळ गाठलेला. गोरेगाव (ता. सेनगाव) व परिसरातल्या अल्पभूधारकाला आणि शेतमजुराला हे दिवस नव्याने सांगायला नकोत. अशा वेळी गरिबाच्या चुलीला आधार होईल अशी एक तरतूद इस्लाम धर्मात आहे. तिचे नाव 'उश्र', म्हणजे पिकावरची जकात. पैशाची जकात बहुतेकांना ठाऊक असते. पिकाच्या जकातीचा हिशेब मात्र शेतकऱ्यांतही फारसा होत नाही.

हिशेब सोपा आहे

साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा तेवढ्या किमतीची शिल्लक वर्षभर जवळ असेल, तर तिच्यावर चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच रुपये जकात निघते. लाखाला अडीच हजार. पिकाचा हिशेब वेगळा. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा द्यायचा आणि विहीर, मोटार लावून स्वतःच्या खर्चाने भिजवलेल्या पिकाचा विसावा. कोरडवाहू रानात वीस पोती तूर झाली तर दोन पोती. विहिरीच्या पाण्यावर वीस पोती गहू झाला तर एक पोते. पाण्याला कष्ट आणि पैसा लागतो म्हणून बागायतदाराला निम्मी सूट. जिरायत-बागायत हा फरक आपल्या सातबाऱ्यावरही असतो, तेव्हा तो शेतकऱ्याला चटकन समजतो.

या जकातीला वर्ष पुरे होण्याची अट नाही. कापणीच्या दिवशीच पिकाचा हक्क द्या, असा कुराणाचा आदेश आहे. वर्षातून दोन पिके आली तर दोनदा. खत-फवारणीचा खर्च वजा करावा का, थोड्या पिकावरही उश्र लागते का, आपल्याकडच्या जमिनीला ती लागू होते का, याबाबत उलेमांत मतभेद आहेत. ते आपल्या भागातील जाणत्या मौलवींना विचारून घ्यावे.

खळे गेले, रास गेली

पूर्वी ज्वारीची रास खळ्यावर पडत असे. बलुतेदाराचा, मागत्याचा वाटा तिथेच पायलीने मोजून जाई. माल डोळ्यांसमोर असल्याने हात आखडत नसे. आता सोयाबीन मळणी यंत्रातून निघते, पोत्यात भरते आणि थेट हिंगोलीच्या मोंढ्यात जाते. हळदीचेही तसेच. पट्टी हातात पडते तेव्हा कृषी केंद्राची उधारी आणि बँकेचा हप्ता समोर उभा असतो. शिवाय सोयाबीन काही घरात शिजत नाही. पण हनफी मतानुसार धान्याऐवजी तेवढी किंमतही देता येते. म्हणजे मोंढ्याची पट्टी हाती आली की आधी हिस्सा बाजूला काढायचा, एवढेच.

आणखी एक अडचण वेळेची आहे. रमजान चांद्र वर्षाप्रमाणे दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. 2026 साली तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे हरभरा-गव्हाच्या सुगीत आला. ईदच्या नमाजाआधी माणशी सुमारे पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत फित्रा म्हणून दिली जाते. त्याने ईद गोड होते. आखाड मात्र तिथून तीन-चार महिने दूर राहतो. रब्बीच्या गव्हा-हरभऱ्याचा उश्र त्या दिवसांत उपयोगी पडू शकतो.

कर्जदाराचाही हक्क

जकात कोणाला द्यावी याचे आठ वर्ग कुराणात सांगितले आहेत. त्यांत गरीब आणि निराधारांबरोबर कर्जात बुडालेला माणूसही आहे. मराठवाड्यासाठी ही बाब मोठी आहे. चार पोती धान्य देऊन एक महिना निघतो. सावकाराचे पाच-दहा हजार फिटले तर माणूस उभा राहतो. आई-वडील, मुले व पती-पत्नी यांना जकात देता येत नाही. गरजू भाऊ-बहिणीला देता येते. जकात मुख्यतः मुस्लिम गरजूंसाठी मानली जाते, परंतु सदका, म्हणजे ऐच्छिक दान, कोणत्याही जातीधर्माच्या भुकेल्या शेजाऱ्याला देण्यास मोकळीक आहे.

गावच्या श्रीमंताकडून घ्यावे आणि त्याच गावच्या गरिबाला द्यावे, ही मूळ रीत. पैगंबरांनी मुआज यांना यमनला पाठवताना हेच सांगितले होते. बाहेरगावच्या पावतीबुकावर पैसे देण्यात गैर नाही, पण आधी आपली गल्ली पाहावी.

गावाने काय करावे

पाकिस्तानात 1980 च्या वटहुकमाने सरकारच जकात व उश्र वसूल करू लागले. आपल्याकडे हा सर्वस्वी स्वखुशीचा मामला आहे, म्हणून विश्वास हेच भांडवल. मशिदीच्या कमिटीने दोन-चार जाणत्यांकडे काम सोपवावे, जमा-खर्चाची वही ठेवावी, घेणाऱ्याचे नाव मात्र चव्हाट्यावर आणू नये. धान्य कोरड्या जागी ठेवून ज्येष्ठ-आषाढात वाटावे.

ग्रामसेवक, तलाठ्यांचाही यात वाटा आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य मिळते. 2023 पासून ते मोफत आहे. तरी विभक्त झालेले कुटुंब, कार्डात नाव न चढलेली सून, कागद नसलेली विधवा बाहेर राहते. कमिटीला ही घरे माहीत असतात. त्यांना विचारून रेशनकार्ड आणि संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज भरून घेतले, तर सरकारचे धान्य सरकारकडून मिळेल आणि जकातीचा पैसा कर्ज, औषध, शिलाई मशीन, शेळी अशा कामी येईल.

येत्या सुगीत पट्टी हातात पडेल तेव्हा पहिला आकडा या हिश्श्याचा लिहावा. दहा पोत्यांतले एक पोते गावात राहिले, तर आखाडात उचल मागायला जाणारा एखादा तरी उंबऱ्याआतच थांबेल.