मध्यरात्रीच्या उन्हात जहाजावरचा एक दिवस

भंडाऱ्याचा सूर्य, स्वालबार्डचा सूर्य

भंडारा साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर. मे सरताना, नवतपा तापत असताना, इथे सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. पण २१ जूनलाही आपला दिवस साडेतेरा तासांच्या आतच संपतो. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन ७८ अंशांवर आहे. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्याने तिथे एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळतच नाही. जूनमध्ये तो दुपारी ३५ अंश आणि मध्यरात्री १२ अंशांच्या आसपास असतो. खळ्यावर मळणीचा बैल फिरावा तसा क्षितिजाभोवती फिरत राहतो.

मग थंडी का?

२१ जूनच्या चोवीस तासांत वातावरणाच्या माथ्यावर पोचणारी सूर्याची ऊर्जा उत्तर ध्रुवावर भंडाऱ्यापेक्षा जास्त असते! पण तिरप्या किरणांना हवेचा लांब थर कापावा लागतो. उरलेल्यातलं बरंचसं पांढरं बर्फ परतवून लावतं, आणि जे मुरतं ते बर्फ वितळवण्यातच खर्ची पडतं.

जहाजावर

स्वालबार्डच्या सहलीवर नेणाऱ्या जहाजावर सकाळी मोहीमप्रमुख ध्वनिक्षेपकावरून सगळ्यांना उठवतो. बेटावर उतरण्याआधी बूट धुवायचे, कपड्यांना चिकटलेलं बी-बियाणं काढायचं. बाहेरचं काही त्या जमिनीवर रुजू नये म्हणून. हिमअस्वलांचा धोका असल्याने बंदूकधारी मार्गदर्शक आधी किनारा तपासून येतात. मग झोडियाक या हवा भरलेल्या रबरी होड्यांतून दहाएक जणांच्या तुकड्या निघतात. वेळापत्रक छापलेलं असतं, पण चालतं वारा आणि बर्फाच्या मर्जीने. धुकं उतरलं की दुपारचा बेत बदलला. संध्याकाळी (घड्याळ म्हणतं म्हणून संध्याकाळ) दिवसाचा आढावा होतो. रात्री साडेअकराला अस्वल दिसल्याची हाक आली, तर अर्धं जहाज पुन्हा डेकवर. झोपायचं तर जाड पडदे ओढून.

१ जानेवारी २०२५ पासून तिथले नियम कडक झाले आहेत. संरक्षित भागात २०० पेक्षा जास्त प्रवाशांचं जहाज चालत नाही, आणि अस्वलापासून १ मार्च ते ३० जून ५०० मीटर, एरवी ३०० मीटर लांब राहावं लागतं. अस्वलाचा जवळून फोटो हवा असणाऱ्यांची निराशा होते. माझ्या मते ते योग्यच आहे.

आपलं तिथलं घर

काही जहाजं स्वालबार्डमधल्याच न्यू-ऑलेसुंड या गावीही थांबतात. इथेच १ जुलै २००८ रोजी भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र सुरू झालं. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे आहे. गावात वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं, कारण तिथली उपकरणं अंतराळातले अतिक्षीण रेडिओ संकेत टिपत असतात.

टिळकांची पहाट

लोकमान्य टिळकांनी १९०३ च्या 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' या ग्रंथात वेदांतल्या लांबलचक उषेवरून आर्यांचं मूळ घर ध्रुवाजवळ असल्याचं मांडलं. अभ्यासक आज ते मानत नाहीत. युक्तिवादाची बांधणी मात्र अजूनही वाचण्याजोगी आहे. जूनच्या सहलीत ती उषा दिसत नाही. त्यासाठी ध्रुवीय रात्र सरताना, फेब्रुवारीच्या सुमारास जावं लागेल, आणि तेव्हा ही जहाजं बहुतेक बंद असतात.