वजन उतरले, पत उतरू नये

आपल्या बाजारात जाड माणसाला कोणी आजारी म्हणत नाही. गादीवर भरलेल्या अंगाचा शेठ बसलेला दिसला की येणाऱ्याला वाटते, पेढी चांगली चालली आहे, घरात बरकत आहे. तोच शेठ तीन-चार महिन्यांत निम्मा दिसू लागला की कुजबूज सुरू होते. काय झाले असेल? साखर वाढली की दुसरेच काही? आणि ही कुजबूज शेवटी एकाच प्रश्नावर येऊन थांबते, आपले पैसे तर अडकणार नाहीत ना? हे मी स्वतः भोगले आहे. म्हणून वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी हे चार शब्द लिहीत आहे.

मालेगावात माझा कोऱ्या कापडाचा धंदा आहे. सूत उधारीवर घ्यायचे, लूमवाल्यांना द्यायचे, मजुरीवर कापड विणून घ्यायचे आणि पाली-बालोतऱ्याकडच्या व्यापाऱ्यांना विकायचे. सगळा व्यवहार एतबारावर चालतो. २०२३ साली माझे वजन १२८ किलो होते, उंची पाच फूट सहा इंच. साखर होती, रक्तदाब होता, रात्री झोपेत श्वास अडकायचा आणि दिवसा गादीवर बसल्या बसल्या डुलकी लागायची. गोदामाचा जिना चढताना मध्ये थांबावे लागे. सजद्यातून उठताना हाताने आधार घ्यावा लागे. दोन वर्षे परहेज आणि चालणे करून पाहिले. आठ किलो उतरायचे, दहा चढायचे. शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्याने डिसेंबर २०२३ मध्ये नाशिकला शस्त्रक्रिया करून घेतली.

शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय?

पुष्कळ लोकांचा समज असा की पोटावरची चरबी कापून काढतात. तसे नाही. माझ्या शस्त्रक्रियेला स्लीव्ह म्हणतात. पोटाला लहान छिद्रे पाडून दुर्बिणीतून जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि उरलेल्या जठराची केळ्यासारखी अरुंद नळी राहते. थोडे खाल्ले तरी पोट भरते आणि भूकही कमी लागते. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराचा लहान कप्पा करून तो थेट आतड्याला जोडतात. कोणाला कोणता प्रकार योग्य, हे डॉक्टरच ठरवतात. वजन एका रात्रीत जात नाही, वर्ष-दीड वर्ष हळूहळू उतरत राहते. माझे वर्षभरात ९२ किलोवर आले. साखरेची गोळी एकच राहिली, रात्रीचा श्वास सुधारला.

हे सर्व चांगले झाले. चुका झाल्या त्या माझ्या, आणि त्या दोन होत्या.

पहिली चूक : घाई

तिसऱ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितले होते की दोन ते तीन आठवडे आराम करा, मग अर्धा दिवस काम सुरू करा. मी आठव्या दिवशी गादीवर जाऊन बसलो. रमजान मार्चमध्ये येणार होता आणि ईदच्या मालाचे सौदे डिसेंबर-जानेवारीतच ठरतात. मनात एकच विचार, मी नसलो तर सौदा दुसऱ्याच्या पेढीवर जाईल.

त्या दिवसांत फक्त पातळ पदार्थ चालतात आणि पाणी घोट घोट करून दिवसाला दीड ते दोन लिटर प्यावे लागते. एकदम पिता येत नाही, जठरात जागाच नसते. गादीवर बोलण्याच्या नादात मी पाणी विसरलो. दलाल आला की अर्धा कप चहा, लूमवाला आला की अर्धा कप चहा, एवढेच पोटात जात होते. रक्तदाबाची गोळीही पूर्वीइतकीच घेत होतो. खाणे कमी झाल्यावर साखरेची आणि रक्तदाबाची औषधे डॉक्टरांना विचारून कमी करावी लागतात. त्यासाठी त्यांनी मला बोलावले होते, मी गेलो नव्हतो. अकराव्या दिवशी असरच्या सुमारास ताका पाहायला उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन तिथेच कोसळलो. धाकट्या भावाने गाडीत घालून नाशिकला नेले. दोन दिवस सलाइन लावावे लागले. ज्या सौद्यासाठी घाई केली तो सौदा भावाने नंतर फोनवरच पुरा केला.

दुसरी चूक : लपवणे

बाजारात मी हर्नियाचे ऑपरेशन झाल्याचे सांगितले होते. खरे सांगायची शरम वाटली. लोक म्हणतील, तोंडावर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतले.

फेब्रुवारीपर्यंत माझे वजन वीस किलोहून जास्त उतरले. गाल बसले, केस गळू लागले. झपाट्याने वजन उतरताना काही महिने केस गळतात व पुढे परत येतात, पण बाजाराला हे कुठे माहीत? हर्नियाने कोणी असा वाळत नाही, हे सर्वांना कळत होते. कोणीतरी म्हणाले कॅन्सर आहे, कोणी म्हणाले मूत्रपिंडे गेली. मग एके दिवशी ज्या सूत-व्यापाऱ्याने अठरा वर्षे मला ४५ दिवसांची उधारी दिली, त्याचा फोन आला, "शेठ, या खेपेला रोखीने घ्या." कारण त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

त्याच आठवड्यात एक लूमवाला दुकानात आला. त्याचे चोवीस लूम माझ्या सुतावर चालतात. चहा नको म्हणाला. बराच वेळ बसून शेवटी खाली पाहत बोलला, "भाईजान, माझ्या मजुरांची आठवड्याची मजुरी तुमच्याकडून येते. खुदा न करो तुम्हाला काही झाले, तर मी कोणाच्या दारात जाऊ?"

त्या रात्री मला झोप आली नाही. मालातला ऐब गिऱ्हाइकापासून लपवणे हराम, हे आपण मुलांना शिकवतो. मी स्वतः कापडात तुटका धागा असला तर ताका उलगडून दाखवतो. आणि ज्यांचा पैसा माझ्यावर लागला आहे, त्यांना माझ्याविषयी खोटे सांगत होतो. आजार खासगी असतो हे खरे. पण ज्याची रोजी आपल्या सहीवर चालते, त्याला पेढी कोणाच्या भरवशावर आहे हे जाणण्याचा हक्क आहे.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्याची फाइल घेऊन सूत-व्यापाऱ्याकडे गेलो, भावाला बरोबर नेले. काय शस्त्रक्रिया झाली, वजन का उतरत आहे, सगळे सांगितले. देणे-घेणे लिहून ठेवण्याचा हुकूम आपल्याला आहेच. मी तारखेनिशी देण्याची यादी केली आणि मी नसताना कोण पैसे देईल ते खाली लिहून भावाची सही घेतली. लूमवाल्यांनाही एकेक करून बोलावून सांगितले. कोणी हसले नाही. दोघांनी तर बाजूला घेऊन विचारले की आमच्या घरातही असा त्रास आहे, खर्च किती आला? सूत-व्यापाऱ्याने ईदनंतर निम्मी उधारी सुरू केली, बकरी ईदनंतर पूर्ववत झाली. एक लूमवाला मात्र गेला तो परत आला नाही. लपवण्याची ती किंमत.

नितीन गडकरी भाजपचे अध्यक्ष असताना २०११ साली त्यांनी अशी शस्त्रक्रिया करून घेतली, ते वर्तमानपत्रांत उघड छापून आले आणि त्यांचे काही बिघडले नाही. आपणच का लाजावे?

कामावर परतण्याचा हिशेब

आता कामाच्या गोष्टी. शरीर प्रत्येकाचे वेगळे, म्हणून अंतिम शब्द आपल्या डॉक्टरांचा. पण साधारण हिशेब असा :

• गादीवरचे, वहीचे काम : दोन-तीन आठवड्यांनी, आधी अर्धा दिवस. दर तासाला उठून चालावे. फार वेळ बसून राहिल्यास पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो.

• ओझे उचलणे : सहा आठवडे पाच किलोच्या वर काही नाही. कोऱ्या कापडाचा एक ताका सहज आठ-दहा किलोचा असतो, हे लक्षात ठेवा. बीमला तर हात लावूच नये.

• लूमवर उभे राहण्याचे काम : बारा तासांची पाळी, उष्णता आणि घाम. दीड-दोन महिन्यांआधी नको. कारागीर बंधूंनी मालकाशी आधीच बोलून बदली मजूर ठरवावा. मालकांना विनंती की त्याचे लूम त्याच्यासाठी राखून ठेवा आणि सुरुवातीला कांडी भरणे, घडी घालणे असे हलके काम द्या.

• पेढीची व्यवस्था : दाखल होण्यापूर्वी बँकेची सही, चेकबुक, वसुलीची यादी कोणाकडे ते ठरवा. जीएसटीचा ओटीपी मालकाच्या मोबाइलवर येतो. मी बेशुद्धीच्या औषधात असताना मुनीमजी माझा मोबाइल शोधत होते.

• नमाज : मी पहिले वीस दिवस खुर्चीवर पढली.

ताप, नाडी फार जलद चालणे, पोटात किंवा खांद्यात वाढते दुखणे, सतत उलट्या, पाणीही न टिकणे, धाप लागणे, पोटरी सुजणे, यांपैकी काहीही झाले तर दुकान तसेच सोडून दवाखाना गाठावा. अंगदुखीसाठी मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळी घेऊ नये, काही वेदनाशामकांनी जठरात व्रण होतो.

दावत, रमजान आणि गोळ्या

आपल्याकडे पाहुणचार म्हणजे ताट भरून वाढणे. वलीम्यात कमी खाल्ले तर यजमान नाराज. मी आता आधीच सांगतो, लहान बशी द्या. आधी मटण, चिकन, डाळ, अंडे, म्हणजे प्रथिनांचे पदार्थ. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात, नाही तर चरबीबरोबर अंगातली ताकदही जाते. नान आणि भात शेवटी, राहिलेच तर. घास बारीक, खूप चावून. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने. गादीवरचा चहा बिनसाखरेचा, आणि तोही मोजून. गिऱ्हाइकाला चहा पाजावा, स्वतः प्रत्येकासोबत पिऊ नये.

२०२४ च्या रमजानचे रोजे मी ठेवले नाहीत. पाणी घोटाघोटाने प्यायचे असताना चौदा तास कोरडे राहणे धोक्याचे, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. मुफ्तीसाहेबांनाही विचारले. आजारपणात रोजा सोडून पुढे कजा करण्याची सवलत शरीअतनेच दिली आहे. ज्या माणसाने चाळीस वर्षे रोजा सोडला नाही, त्याला ही सवलत घेणे फार जड गेले. पण सवलत देणाऱ्यापेक्षा आपण अधिक परहेजगार कसे होणार? पुढच्या वर्षी डॉक्टरांच्या परवानगीने रोजे ठेवले. इफ्तारला एक खजूर, थोडे पाणी, मग नमाज, मग थोडे खाणे.

बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी आयुष्यभर आहे. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे असते. ज्यांना शंका असेल त्यांनी डॉक्टरांकडून गोळीच्या रूपातले औषध लिहून घ्यावे, पण औषध बंद करू नये.

खर्चाबद्दल

मला सर्व मिळून सव्वातीन लाख लागले. विमा असेल तर कलमे वाचा. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या कलमानुसार, वजनाला (किलो) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागून येणारा आकडा ४० किंवा अधिक हवा. किंवा ३५ हवा आणि सोबत गंभीर हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार अथवा आटोक्यात न येणारा मधुमेह हवा. इतर उपाय करून झाले, याचे कागदही लागतात. शिवाय पॉलिसी घेतल्यापासून किती काळ थांबावे लागेल तेही पाहा. २०२५ पासून वजन उतरवणारी आठवड्याची नवी इंजेक्शनेही भारतात मिळू लागली आहेत. कोणता मार्ग घ्यावा, हे शेजाऱ्याला नाही, डॉक्टरांना विचारावे.

हलाल रोजी कमावण्यासाठी शरीर लागते आणि ते अल्लाहची अमानत आहे. त्याच्या दुरुस्तीसाठी दीड महिना दुकान दुसऱ्याच्या हाती द्यावे लागले तर बिचकू नये. मात्र ज्यांचे आपल्याकडे देणे आहे, त्यांना जाताना खरे सांगून जावे. तो चोवीस लूमवाला आजही माझ्याकडे आहे. आता येतो तेव्हा आधी विचारतो, "पाणी पिले का?" मग चहा मागवतो.

अल्लाह सर्व आजारी बांधवांना शिफा आणि सर्वांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.