फाटकाआडचे उद्यान

कोणत्याही महानगरातील नव्या गृहसंकुलाची माहितीपुस्तिका उघडली, की सदनिकांच्या नकाशाआधी हिरवळ दिसते. मुलांसाठी घसरगुंड्या, ज्येष्ठांसाठी बाके, फेरफटक्यासाठी आखलेली वाट. ही चित्रे खोटी असतात असे मी म्हणणार नाही. पुष्कळ ठिकाणी या सोयी प्रत्यक्षात उभ्या राहतात. प्रश्न असा आहे, की त्याच रस्त्यावर, पण संकुलाच्या भिंतीबाहेर राहणाऱ्या मुलाला त्या हिरवळीवर पाऊल ठेवता येते काय? नवी घरे शहरातील उद्याने गिळतात, ही तक्रार अर्धीच खरी आहे. ती उद्यानांची वाटणी बदलतात, हे अधिक खरे आहे. आणि आपले नियम या बदलाकडे पाहतही नाहीत.

पूर्वीचा धोका उघड असे. बंगळुरूच्या राजमहाल विलास विस्तारात उद्यानासाठी राखलेली जागा एका खासगी संस्थेला शुश्रूषागृहासाठी देण्यात आली, तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. आराखड्यात उद्यान म्हणून राखलेली जागा सर्व जनतेची असते, खासगी रुग्णालय हा तिचा पर्याय होऊ शकत नाही आणि तिच्यासाठी दाद मागण्याचा अधिकार परिसरातील नागरिकांना आहे, हा त्या निकालाचा आशय होता. अस्तित्वात असलेले उद्यान वाचवण्यासाठी हा निकाल आजही ढालीसारखा उपयोगी पडतो. परंतु जे उद्यान सार्वजनिक म्हणून जन्मालाच आले नाही, त्याचे रक्षण कोणती ढाल करणार?

तामिळनाडूचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील २०१९ च्या एकत्रित विकास व बांधकाम नियमांनुसार १०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावर बांधकाम करायचे असेल, तर रस्ते वगळून उरलेल्या जमिनीचा १० टक्के भाग बक्षीसपत्राने स्थानिक संस्थेला द्यावा लागतो. ३,००० ते १०,००० चौरस मीटरच्या भूखंडासाठी जागा देणे शक्य नसल्यास तिची किंमत भरता येते. त्याहून लहान भूखंडांना ही अटच नाही. इतर अनेक राज्यांच्या तुलनेत हा नियम पुढारलेला आहे, कारण तो जमिनीची मालकीच सार्वजनिक करतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेन्नईतील या तरतुदीची वैधता मान्यही केली.

तरीही एक ढोबळ हिशेब करून पाहू. भूखंड १०,००० चौरस मीटरहून किंचित मोठा. मोकळी जागा सुमारे १,००० चौरस मीटर. साध्या इमारतीसाठी चटई क्षेत्र निर्देशांक २ आहे. एका सदनिकेला १०० चौरस मीटर आणि एका घरात चार माणसे धरली, तर २०० घरे, ८०० माणसे आणि दरडोई सव्वा चौरस मीटर मोकळी जागा. उंच इमारतीला हाच निर्देशांक ३.२५ मिळतो. मग घरे ३२५ होतात, माणसे १,३०० आणि दरडोई वाटा पाऊण चौरस मीटरच्या आसपास येतो. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळ्या जागेची अपेक्षा आहे. नियम जमीन मोजतो, माणसे मोजत नाही. मजले चढत जातात आणि दहा टक्के दहा टक्केच राहतात.

जमिनीऐवजी पैसे घेण्याची सवलत त्याहून नाजूक आहे. पैसा एका वस्तीतून गोळा होतो. त्याच वस्तीत तेवढीच जमीन पुन्हा विकत मिळेल याची हमी कोणीही देऊ शकत नाही. दाट वस्तीत रिकामा भूखंड सापडणे दुर्मीळ आणि सापडलाच, तर भाव वाढलेला. लोकसंख्या येथे वाढते, निधी तिजोरीत राहतो आणि उद्यान झालेच, तर शहराच्या दुसऱ्या टोकाला होते.

मालकीचा प्रश्नही सुटलेला नाही. दिल्लीतील एका वसाहतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये म्हटले होते, की कायद्यात तशी तरतूद नसताना महापालिका उद्यानाची जमीन विनामूल्य आपल्या नावावर करून घेऊ शकत नाही. मालकाने ती विश्वस्ताप्रमाणे सांभाळावी. पुढे २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे ‘रेरा’, आला. त्याने उद्याने आणि खेळाच्या जागांची गणना सामायिक क्षेत्रात केली आणि त्यांचे हस्तांतर सदनिकाधारकांच्या संघटनेकडे करण्यास सांगितले. ग्राहकाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. ज्याने पैसे मोजले त्याला वचन दिलेले मिळाले पाहिजे. परंतु या व्यवस्थेत उद्यान ही खरेदीची वस्तू ठरते. त्या संकुलात धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीला त्यात कसलाच वाटा नाही.

गुजरातने वेगळा मार्ग धरला. तेथील १९७६ च्या नगररचना कायद्यानुसार शहराच्या कडेची शेतजमीन एकत्र करून तिची फेरआखणी होते. प्रत्येक मालक जमिनीचा काही भाग सोडतो आणि रस्त्यांसाठी १५ टक्के व उद्याने, क्रीडांगणे आणि मोकळ्या जागांसाठी ५ टक्के जमीन राखण्याची तरतूद आहे. टक्केवारी मोठी नाही. पण उद्यानाची जागा इमारतीच्या आधी आणि साऱ्या वस्तीसाठी ठरते, हा फरक महत्त्वाचा आहे.

मी दाट वस्तीच्या विरोधात नाही. शहरांना घरे हवीत आणि ती शेकडो किलोमीटर पसरण्यापेक्षा उंच जाणे शहाणपणाचे आहे. मात्र वाढीव निर्देशांक ही शासनाने दिलेली संपत्ती आहे. तिच्या बदल्यात समाजाने काही मागणे वावगे नाही. मोकळ्या जागेचे प्रमाण भूखंडावरून नव्हे, तर सदनिकांच्या संख्येवरून ठरावे. जमिनीऐवजी घेतलेला पैसा स्वतंत्र खात्यात राहावा, त्याच प्रभागात खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. बक्षीस मिळालेली जागा सार्वजनिक रस्त्याला लागून असावी आणि तिचे दार रस्त्याकडे उघडावे. या तिन्ही गोष्टींसाठी नवे मंत्रालय लागत नाही. राज्यांच्या नियमावलीतील दुरुस्ती पुरते.

उद्यान ही शहरातील अशी एक विरळ जागा आहे, जिथे बसण्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. ती जागा सदनिकेच्या किमतीत मिसळून गेली, तर ज्यांच्याकडे घर विकत घेण्याची ऐपत नाही, त्यांच्याकडून आपण अंगणही काढून घेतलेले असेल.