वारीतला कोरडा जोड

आषाढी वारीला निघणाऱ्याला पाऊस कुठे गाठेल हे आधी सांगता येत नाही. एकादशी तिथीने येते, कधी जूनच्या शेवटाला तर कधी जुलै संपता संपता. पाऊस तिथी पाळत नाही. २०२३ साली माउलींची पालखी ११ जूनला आळंदीहून निघाली तेव्हा मोसमी पाऊस मुंबईतही पोचला नव्हता. तो आला २५ जूनला. २०२५ मध्ये प्रस्थान १९ जूनला होतं, आणि पाऊस मे महिन्यातच मुंबईत हजर झाला होता. वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची, जवळपास तीन आठवड्यांची. पुणे, दिवे घाट, सासवडपर्यंत झोडपणारा पाऊस नीरा ओलांडली की विरळ होतो. लोणंद-फलटणच्या पुढे पर्जन्यछायेचा मुलूख, तिथे चांगलं ऊनही लागतं. वारकऱ्याची सामान बांधायची सगळी रीत या वाटेनेच घडवली आहे. पहिला आठवडा कसाबसा निभवायचा, मग माळावर सगळं पसरून वाळवायचं.

आजोबांच्या पिढीने हा आठवडा घोंगडीवर काढला. घोंगडीचं एक टोक आत दुमडून खोळ केली की डोकं, पाठ आणि खांद्यावरची पडशी आडोशाला येते. सनगर घोंगडी विणताना ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. त्या खळीने नव्या घोंगडीला ताठरपणा येतो आणि पहिल्या सरी वरच्या वर निथळून जातात. पुढे लोकर पाणी प्यायला लागते. तरी स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ओल पोटात घेऊनही ती अंगाला ओली लागत नाही. दिवसभराच्या झडीत मात्र ती इतकी जड होते की म्हातारी माणसं खांदे धरून बसायची. रात्री तीच घोंगडी पिळून, झटकून अंथरायची. एकाच वस्तूत छत्री, पिशवी आणि बिछाना. अशी दुसरी वस्तू नंतरच्या काळात वारीत आलेली मला तरी दिसली नाही.

दिंडीत सगळ्यात आधी जपायचा तो पखवाज. माणूस भिजला तर अंग पुसून उभा राहतो. पखवाजाचं तसं नाही. हवेतल्या नुसत्या दमटपणानेही कातडं सैल पडतं, सूर उतरतो, आणि पखवाजी गठ्ठे ठोकून वाद्या ताणत राहतो. धुम्याची कणीक ओलीने मऊ होऊन सुटते, ती पुन्हा मळून लावता येते. पण शाईवर पाणी पडलं, तिला भेगा गेल्या, की ठोकून काही साधत नाही, पुडीच बदलावी लागते. ती वाटेत कुठे मिळणार? म्हणून पखवाजाची खोळ पिढीगणिक बदलत आली. जुन्या घोंगडीचा तुकडा गेला, मेणकापड आलं, आणि आता चेन लावलेली रेक्झिनची खोळ असते. पण भजन चालू असताना खोळ घालता येत नाही. अशा वेळी सर आली की शेजारचा टाळकरी स्वतःच्या डोक्यावरचा कागद काढून पखवाजावर धरतो आणि आपण भिजत पुढचं चरण म्हणतो. हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

कागद म्हणजे प्लास्टिकचा कागद. त्याच्या आधी गावोगावच्या शेतकऱ्यांनी खताचं पोतं आणलं होतं. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसला की खोळ तयार, आणि आतली पातळ पिशवी कपडे गुंडाळायला. फुकटची वस्तू, घोंगडीच्या मानाने वजन काहीच नाही. मग बाजारात रंगीत कागद आले आणि दिवे घाटाचं रूपच बदललं. कागदाचा एक दोष मात्र कुणी बोलत नाही. चढावर अंगाची वाफ बाहेर पडायला वाव नसतो, घाम आतल्या बाजूला साचतो, आणि घाट चढून आलेला माणूस पावसाने नाही तर आपल्याच घामाने ओला झालेला असतो. खांद्यावरच्या कापडी पिशवीचंही तेच होतं. शिवाय हा कागद दोन दिवसांत फाटतो आणि रस्त्याच्या कडेला पडतो. ज्या वाटेवर आपण अनवाणी चालण्यात धन्यता मानतो, त्या वाटेवर आपण हे टाकून जातो, याचं मला फार वाईट वाटतं. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यावर आतल्या गुंडाळीची पंचाईत झाली. बायकांनी त्यावर घरच्या घरी तोड काढली. पिठाच्या, डाळीच्या जाड पुड्या धुऊन, वाळवून वर्षभर जमवायच्या आणि वारीला न्यायच्या.

बैलगाड्या जाऊन ट्रक आले तसं ओझं खांद्यावरून उतरलं. त्याबरोबर नवी काळजी आली. ताडपत्री वरून वाचवते, पण ट्रकच्या फाळक्यांतून आत आलेलं पाणी तळाशी साचतं आणि सगळ्यात खालच्या वळकट्या भिजतात. जाणते लोक आधी फळ्या टाकतात, मग भांडी, मग धान्य, आणि अंथरुणं वर. आगपेटी पिठाच्या डब्यात. मुक्कामाला कापडी राहुटी असेल तर तिच्याभोवती चर खणायचा, आणि भिजलेल्या कापडाला आतून बोट लावायचं नाही. जिथे बोट लागतं तिथून थेंब सुरू होतो आणि रात्रभर थांबत नाही. लहान पोरांना हे पहिल्याच मुक्कामाला बजावतात. आताच्या नायलॉनच्या तंबूंना तो नियम लागू नाही, पण दारं गच्च लावून दहा माणसं झोपली की पहाटे छतावरून वाफेचंच पाणी गळतं.

काय कोरडं ठेवायचं, हेही काळाबरोबर बदललं. तुकोबांचे अभंग इंद्रायणीतून तेरा दिवसांनी कोरडे वर आले, ही कथा ज्या वाटेवर सांगितली जाते, तिथे गाथा आणि हरिपाठ जपण्याला वेगळंच मोल आहे. पोथी रुमालात, रुमाल पडशीत, पडशी घोंगडीखाली. पैसे कशात, कसा कमरेला. पुढे रेशनकार्डाची, मग आधारकार्डाची भर पडली. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या आल्या, आणि त्या कधी घ्यायच्या ते लिहिलेला डॉक्टरांचा कागद आला. आता गळ्यात पारदर्शक पाकिटातला मोबाइल असतो. पाकीट बंद करताना हात ओले असतील तर आतच दव धरतं, म्हणून आमच्या दिंडीतल्या एक मावशी आधी पदराच्या कोरड्या कोपऱ्याला हात पुसतात, मगच पाकिटाला हात लावतात.

या सगळ्यात एक गोष्ट घोंगडीच्या काळापासून तशीच आहे, कोरडा जोड. एक धोतर-सदरा किंवा एक लुगडं सगळ्यात आत बांधायचं आणि दिवसा कितीही भिजलो, कुडकुडलो तरी त्याला हात लावायचा नाही. तो फक्त रात्रीसाठी. सकाळी पुन्हा कालचेच ओले कपडे अंगावर चढवायचे. पहिल्यांदा येणाऱ्याला हे क्रूर वाटतं आणि दुपारच्या पहिल्याच सरीनंतर तो कोरडा जोड काढतो. मग रात्री घालायला काही उरत नाही, आणि चौथ्या दिवशी ताप. माझ्या मते वारीचं निम्मं आरोग्य या एका शिस्तीवर उभं आहे. पावसाने उसंत दिली की बायका ओल्या लुगड्याची दोन टोकं दोघींनी धरून, वाऱ्यावर ताणून चालतात. पुढच्या विसाव्याला पोचेपर्यंत लुगडं वाळतं आणि चालणंही थांबत नाही.

पाय मात्र कुणालाच कोरडे ठेवता आले नाहीत. घोंगडीने जमलं नाही, कागदाने नाही, महागड्या बुटांनीही नाही, कारण बुटात एकदा पाणी शिरलं की ते तिथेच मुक्काम करतं. चिखल्या होतात, बोटांच्या बेचक्या सोलवटतात. रात्री पाय पुसून खोबरेल लावणं आणि जमेल तेवढा वेळ ते उघडे ठेवणं, एवढंच हाती आहे. मुक्कामाच्या गावांनी म्हाताऱ्या वारकऱ्यांसाठी शाळेची एखादी खोली, सुकं गोणपाट आणि पाय शेकायला शेगडी ठेवली तर फार मोठं काम होईल. काही गावं हे करतातच. वाटेवरच्या प्रत्येक गावाने करावं.