साथ आली तर आधी गेट बंद की खिडकी उघडी?

गर्दीत ज्यांना नीट ऐकू आलं नाही, त्यांच्यासाठी या भागाचा लेखी मजकूर. आजचा विषय: पुन्हा साथ आली, तर आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या शाळांमध्ये आजार पसरण्याचा वेग कमी कसा करायचा?

मी डॉक्टर नाही. बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे. पण या प्रश्नाचा मोठा भाग हवेचा हिशेब आहे, आणि तो सोपा आहे.

आधी आठवून बघा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. शहरी भागात पहिली ते सातवीचे वर्ग भरवायला राज्य सरकारने परवानगी दिली ती १ डिसेंबर २०२१ पासून. ४ डिसेंबरला राज्यातला पहिला ओमायक्रॉनचा रुग्ण सापडला, तोही शेजारी, कल्याण-डोंबिवलीत. जानेवारीत शाळा पुन्हा बंद, आणि २४ जानेवारी २०२२ पासून पुन्हा परवानगी. २०२० ला पहिलीत नाव घातलेलं पोर वर्गात न बसताच दुसरीत गेलं. ज्या घरात एकच मोबाइल होता, तिथे काय झालं हे वेगळं सांगायला नको.

आता हिशेब. हात धुणं चांगलंच, जुलाब आणि डोळे येण्यासाठी तर हवंच. पण कोविड मुख्यतः श्वासातून पसरतो. बोलताना, मोठ्याने कविता म्हणताना तोंडातून थेंब उडतात. जड थेंब खाली पडतात, अगदी बारीक थेंब मात्र बंद खोलीत उदबत्तीच्या धुरासारखे साचतात. बाकांमध्ये सहा फूट अंतर ठेवा म्हणाले होते ना? अंतराने धोका कमी होतो, पण धूर काही सहा फुटांवर थांबत नाही.

मग धूर बाहेर काढायचा. समजा, वर्गात मावते तेवढी ताजी हवा एकदा आत आली. ती जुन्या हवेत मिसळत जाते, म्हणून जुनीपैकी साधारण ३७ टक्के उरतेच. दुसऱ्यांदा आली की १४ टक्के, तिसऱ्यांदा ५ टक्के. अमेरिकेच्या सीडीसीने २०२३ मध्ये सांगितलं की हवा तासाला निदान ५ वेळा बदलावी. म्हणजे दर १२ मिनिटांनी एकदा.

हे जमायला वाऱ्याला दोन वाटा लागतात: एक आत यायला, एक बाहेर जायला. म्हणून खिडकी आणि समोरचं दार, दोन्ही उघडं. सगळं बंद असेल तर छताचा पंखा तीच हवा ढवळतो, आणि साधा स्प्लिट एसी तीच हवा गार करून परत देतो. वारा फिरत नसेल तर झरोक्यात एक्झॉस्ट पंखा बसवा.

तपासायचं कसं? सीओटू मीटर मिळतो. बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम दिसतं. भरलेल्या वर्गात आकडा १००० च्या वर जाऊन तिथेच राहिला, तर समजा की मुलं एकमेकांनी सोडलेला श्वास घेतायत. एकच मीटर आळीपाळीने सगळ्या वर्गांत फिरवता येतो.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे पाऊस आडवा येतो, डास येतात, एमआयडीसीकडून वास येतो. खरंय. पावसाला वरची झडप, डासांना जाळी. वास असेल तेव्हा खिडक्या लावाव्याच लागतात, मग मास्क आणि हवेचा फिल्टर. जिथे दोन सत्रं भरतात, तिथे सकाळची मुलं गेल्यावर आणि दुपारची यायच्या आधी सगळं उघडून ठेवा. फुकटात होतं.

पण नुसत्या खिडकीवर विसंबू नका. मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत एका वर्गात बाकं सहा फुटांवर होती, मुलांना मास्क होते, खिडक्या-दार उघडं होतं, फिल्टरही होता. लस न घेतलेल्या शिक्षकाला लक्षणं होती, तरी ते दोन दिवस शाळेत आले आणि मास्क काढून मोठ्याने वाचून दाखवलं. २४ पैकी १२ मुलांना लागण झाली. पुढच्या दोन रांगांतल्या १० पैकी ८ जणांना, मागच्या १४ पैकी ४ जणांना. एक मोठं भोक राहिलं, की बाकीचे उपाय अपुरे पडतात.

आणि हे भोक आपल्याकडेही आहे. आई-बाबा सकाळच्या लोकलने मुंबईला जातात, घरी कोणी नसतं, म्हणून ताप उतरायची गोळी देऊन मुलाला शाळेत पाठवतात. त्यात वर शंभर टक्के हजेरीचं बक्षीस! त्या पालकांना नावं ठेवून उपयोग नाही. सुट्टी घेतली की पगार कापला जातो. शाळेने निदान हजेरीचं बक्षीस बंद करावं आणि आजारी मुलाचा अभ्यास ग्रुपवर टाकावा. शेजारपाजारच्या दोन-तीन घरांनी मिळून आजारी मुलाकडे कोण बघणार हेही आधीच ठरवून ठेवावं.

घरात शाळेत जाणारा भाऊ, बहीण, भाचरं असतील तर पुढच्या पालकसभेत तीन गोष्टी विचारा. वर्गाच्या दोन्ही बाजू उघडतात का? हवा कधी मोजली का? आजारी मूल घरी राहिलं तर त्याचं नुकसान होतं का? हे प्रश्न साथ नसताना विचारलेले बरे, कारण दुरुस्ती करायला वेळ मिळतो. तुमच्या शाळेने काय उत्तर दिलं ते कळवा, पुढच्या भागात घेऊ. चला, भेटू!