प्रोबेट सुटलं, पुरावा राहिला

डिसेंबर २०२५मध्ये संसदेने कालबाह्य कायदे मोडीत काढणारा एक कायदा संमत केला. त्यात एकाहत्तर जुने कायदे रद्द झाले आणि त्या गर्दीत भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ यातलं कलम २१३ही गेलं. मृत्युपत्राच्या आधारे न्यायालयात हक्क सांगायचा तर आधी प्रोबेट आणा, अशी त्या कलमाची अट होती. प्रोबेट म्हणजे हे मृत्युपत्र खरं आहे असा न्यायालयाने शिक्क्यानिशी दिलेला दाखला. मुंबईतल्या कुटुंबांची तो मिळवण्यात वर्षं जात. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, गिरीजसारख्या गावात, या बदलाचा अर्थ थोडा वेगळा आहे.

मुळात हे कलम सगळ्यांना सारखं लागू नव्हतं. मुस्लिमांना त्यातून पूर्ण सूट होती. हिंदूंना अट होती ती मृत्युपत्र मुंबईसारख्या महानगरात झालं असेल किंवा तिथली मालमत्ता त्यात असेल तरच. म्हणजे गिरीजमधल्या हिंदू शेतकऱ्याने वसईत बसून फक्त आपल्या वाडीचं मृत्युपत्र केलं, तर प्रोबेटची गरज नव्हती. त्याच मृत्युपत्रात दादरची एक खोली आली की मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढणं भाग पडे. ख्रिस्ती माणसाला मात्र देशभर कुठेही प्रोबेट सक्तीचं होतं. हा भेदभाव असल्याची तक्रार क्लॅरेन्स पैस खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे गेली आणि २००१मध्ये फेटाळली गेली. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त करून भारतीय ख्रिस्ती समाजाला या अटीतून मोकळं केलं.

तेव्हा गिरीजच्या सामवेदी ख्रिस्ती घरांची सुटका २००२मध्येच झाली होती. आता मुंबईत फ्लॅट असलेल्या त्यांच्या हिंदू शेजाऱ्यांचीही झाली. हवं असेल तर प्रोबेट आजही मागता येतं. सक्ती तेवढी गेली आहे.

मृत्युपत्र सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र तशीच आहे, आणि कुटुंबं अडकतात ती इथे. उत्तराधिकार कायद्याचं कलम ६३ सांगतं की मृत्युपत्र करणाऱ्याने सही किंवा अंगठा करावा आणि किमान दोन साक्षीदारांनी त्याच्या समक्ष सह्या कराव्यात. साक्षीदाराने मजकूर वाचलेला असलाच पाहिजे असं नाही. वाद झाला तर त्यांपैकी किमान एकाला, तो हयात असेल तर, न्यायालयात उभं करावं लागतं. पूर्वीच्या पुरावा कायद्यातला हा नियम १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष अधिनियमात कायम आहे. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केलेली बरीच. पण तेवढ्याने मृत्युपत्र सिद्ध होत नाही. म्हणून साक्षीदार निवडताना वयाने आपल्याहून लहान आणि हाकेच्या अंतरावरचा माणूस बघावा. कॅनडाला निघालेला भाचा कितीही विश्वासू असला तरी त्याला साक्षीला बोलावणं अवघड.

ख्रिस्ती कुटुंबांसाठी आणखी दोन खाचखळगे आहेत. कलम ६७नुसार साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला दिलेला वाटा रद्द ठरतो. धाकट्या मुलाला वाडी दिली आणि साक्षीदार म्हणून त्याच्याच बायकोने सही केली, तर मृत्युपत्र टिकेल, पण त्याचा वाटा जाईल. दुसरं कलम ६९. लग्न झालं की आधी केलेलं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं, म्हणजे विधुराने पुन्हा लग्न केलं तर त्याने नवं मृत्युपत्र करायला हवं. हिंदूंच्या मृत्युपत्रांना हे दोन्ही नियम लागत नाहीत.

चर्चला किंवा धर्मादाय कामाला जमीन द्यायची म्हटलं तर एकेकाळी अडचण फार मोठी होती. पुतण्या, भाची किंवा त्याहून जवळचा नातलग असेल, तर असं मृत्युपत्र मरणाच्या किमान बारा महिने आधी केलेलं आणि सहा महिन्यांच्या आत ठरलेल्या ठिकाणी जमा केलेलं असावं लागे. केरळमधले धर्मगुरू जॉन वल्लमट्टम यांनी या कलम ११८ला आव्हान दिलं आणि २१ जुलै २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं.

मृत्युपत्रच नसेल तर? ख्रिस्ती माणसामागे पत्नी आणि मुलं असतील तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगे-मुलींना समान जातं. लेक लग्न होऊन नालासोपाऱ्याला गेली म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. पण मृत्युपत्र करून बाप आजोबांकडून आलेली वाडीही एकाच मुलाच्या नावे करू शकतो, कारण या कायद्यात हिंदूंसारखी सहदायकी, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच मिळणारा हक्क, नाही. वसई आणि गोवा दोन्ही पोर्तुगिजांखाली होते. वसई १७३९पर्यंत, गोवा १९६१पर्यंत. गोव्यात आजही मुलांचा हक्क राखून ठेवलेला आहे, आणि साधारणपणे निम्म्याच मालमत्तेचं मृत्युपत्र करता येतं. वसईतल्या लेकीला ते संरक्षण नाही. तिला डावलायला एक कागद पुरतो, आणि हे गावागावात उघडपणे बोललं गेलं पाहिजे.

असा कागद न्यायालयात गेला की प्रश्न मनाचा येतो. कलम ५९नुसार अधूनमधून भ्रम होणारा माणूसही भानावर असताना मृत्युपत्र करू शकतो. आजारपणामुळे आपण काय करतोय हे कळत नसेल तर नाही. एच. वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५८मध्ये घालून दिलेली कसोटी आजही वापरतात: थरथरती सही, जवळच्यांना विनाकारण वगळणं, ज्याला लाभ त्यानेच कागद तयार करवणं, असे संशय असतील तर ते दूर करण्याचं ओझं मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर. घरात आयुष्यभर सामवेदी बोली बोललेल्या आजीचं मृत्युपत्र इंग्रजीत असेल, तर ते तिला समजावून सांगितलं होतं हेही दाखवावं लागतं. मराठीत लिहावं, वगळण्याचं कारण नमूद करावं, आणि सक्ती नसली तरी त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा.

मृत्युपत्र लागू होतं ते मरणानंतर. माणूस जिवंत आहे, पण पक्षाघाताने किंवा स्मृतिभ्रंशाने निर्णय घेऊ शकत नाही, अशा काळात ते निरुपयोगी. मुखत्यारपत्रही देणाऱ्याची समज गेली की संपतं. करार कायदा, १८७२ तसंच सांगतो. उपचार थांबवण्याबद्दलची आपली इच्छा मात्र आधी लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी ही मुभा दिली आणि जानेवारी २०२३मध्ये रीत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. पैशांसाठी अशी सोय नाही. इंग्लंडमध्ये २००५च्या कायद्याने समज गेल्यानंतरही चालू राहणारं मुखत्यारपत्र करता येतं. इथे कोमातल्या नवऱ्याच्या खात्यातून रुग्णालयाचं बिल भरायला पत्नीला आपल्याला पालक नेमावं म्हणून रिट याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात जावं लागतं.